बाविसाव्या पानावरची थप्पड

यास्मिनने ब्रेंडनच्या स्वेटरवर, छातीच्या डाव्या बाजूला, कागदाचा एक गोल चिकटवला आणि तळहाताने दोनदा दाबला. त्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘रे, बाप’. तिचा हात छातीला लागला तसं ब्रेंडनला वाटलं, हिचं मनगट धरावं आणि हाड कडकन वाजेपर्यंत पिरगाळावं. वाटलं आणि गेलं. मुलगी पंचविशीची असेल, गोड होती, हातात याद्यांचा पुठ्ठा होता आणि सकाळपासून सगळ्यांना चहा हवा का विचारत होती. तिने त्याचं काही वाईट केलेलं नव्हतं. पण त्याची बायको मॉरीन जाऊन चौदा महिने झाले होते आणि या चौदा महिन्यांत त्याच्या छातीवर कुणाचा हात पडला नव्हता, आणि पडला तेव्हा अंगातून पहिलं काय वर आलं, तर हे. त्याने हात खिशात घातले. मोठे हात होते, प्लास्टरवाल्याचे. बोटांच्या सांध्यांवरची कातडी चुन्याने आणि सिमेंटने कायमची भेगाळलेली. खिशात ते मावत नव्हते. “थँक यू, पोरी,” तो म्हणाला.

खरं तर तो इथे असायचाच नव्हता. लेकीच्या, कर्स्टीच्या, गाडीचा क्लच गेला म्हणून तो तिला बरी गावाहून मँचेस्टरला, तिने लिहिलेल्या मालिकेच्या पहिल्या वाचनाला, सोडायला आला होता. तिला आत सोडायचं, कोपऱ्यावरच्या टपरीत बेकन लावलेला पाव खायचा, पेपर वाचायचा आणि दोन वाजता तिला घेऊन परतायचं, असा बेत होता. पण बापाचं काम करणारा नट क्रू स्टेशनच्या अलीकडे बंद पडलेल्या रेल्वेगाडीत अडकला होता, आणि या धंद्यात रिवाज असा की पहिल्या वाचनाला कुणी आलं नाही म्हणून वाचन थांबत नाही. जो हाताशी असेल त्याने त्या माणसाच्या ओळी वाचायच्या. दिग्दर्शक टोबीने दाराशी उभ्या असलेल्या ब्रेंडनला वरपासून खालपर्यंत बघितलं होतं. टोबी तिशीचा, पायांत रंगीत मोजे, चेहरा धुतलेल्या बटाट्यासारखा.

“हे कोण? हे वाचतील का?”

“डॅडला नको,” कर्स्टी घाईघाईने म्हणाली. “त्याला चष्मा लागतो.”

“चष्मा आहे की माझ्याकडे,” ब्रेंडन म्हणाला.

“डॅड, तू जा ना. तुझं सँडविच खा जा.”

“चार ओळी वाचता येतात मला. शाळेत घातलं होतं आमच्या आईने.”

सगळे हसले. कर्स्टी हसली नाही. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते, लहानपणी खोटं बोलताना उठायचे तसे. ब्रेंडनला वाटलं, पोरीला आपली लाज वाटते. वाटणारच. मग त्याला हट्ट चढला. पोरीचं काम अडलंय आणि बाप टपरीत पाव खातोय, असं होणार नव्हतं. त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

जागा म्हणजे जुन्या चर्चचा बाजूचा हॉल. टेबलं जोडून मोठा चौकोन केला होता आणि भोवती वीस-बावीस माणसं. भिंतीचं प्लास्टर दोन ठिकाणी पोकळ झालेलं होतं. ते न ठोकताही त्याला कळत होतं. वाचनाआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. त्याच्या शेजारी हिलरी फेन्विक नावाची साठीची नटी बसली होती, आईचं काम करणारी. समोर पॉपी. पॉपी म्हणजे फिझ वाहिनीची बाई. तिथल्या विनोदी मालिका आणि नाटकं तिच्या हाताखाली. “मी पॉपी,” ती म्हणाली. “कुणाचं आयुष्य सहा भागांत बरबाद करायचं, ते मी ठरवते.” हशा. फिरत फिरत पाळी ब्रेंडनवर आली. “ब्रेंडन टॅटर्सल,” तो म्हणाला. “प्लास्टर करतो. हिचा बाप.” याच्यावर पॉपीपेक्षा मोठा हशा झाला. त्याने काही विनोद केला नव्हता. कानामागची शीर उडायला लागली. अशी ती उडायला लागली की पूर्वी मॉरीन नुसती म्हणायची, “ब्रेंडन, कोट घाल आणि फिरून ये.”

फिझ ही सोळा ते चौतीस वयाच्या लोकांसाठी काढलेली वाहिनी. मॉरीनचं वय तेव्हा अठ्ठावन्न. पण कर्स्टीला तिथे पहिलं काम मिळालं, दुसऱ्यांच्या मालिकेत विनोद घालून देण्याचं, आणि त्या दिवसापासून मॉरीनने दुसरी वाहिनी लावली नाही. एक मालिका होती, पाच विद्यार्थी घरमालकाला मारून परसात पुरतात आणि दर आठवड्याला कुत्रं त्याचा एकेक अवयव उकरून काढतं. दुसऱ्या एकीत मुलींचा फुटबॉल संघ होता. त्या सामना हरल्या की समोरच्या संघाची बस फोडायच्या, आणि मग रक्ताळलेल्या तोंडांनी एकमेकींना प्रेमाचं सांगायच्या. मॉरीन खुर्चीत पाय वर घेऊन बघायची आणि मध्येच ओरडायची, “ही ओळ आपल्या कर्स्टीची! पैज लाव!” ब्रेंडन म्हणायचा, “रक्त पडल्याशिवाय या पोरांना हसू कसं येत नाही?” मॉरीन म्हणायची, “तुला तर पडल्यावरही येत नाही.” त्याला या मालिका आवडायच्या नाहीत, कारण तिथे ठोसा बसल्यावर माणूस उठून विनोद करायचा. ब्रेंडनने एकोणीसशे एक्याऐंशीत दारूच्या गुत्त्याबाहेर एका माणसाचा जबडा मोडला होता. तो माणूस उठला नव्हता आणि त्याने विनोदही केला नव्हता. तो रस्त्यावर बसून आपले दात हाताने चाचपत होता आणि लहान मुलासारखा ‘थांब, थांब’ म्हणत होता, आणि ब्रेंडन थांबला नव्हता. त्याला ओढून काढायला तीन माणसं लागली. ब्रेंडनच्या बापाने त्याला पट्ट्याने मारलं, बकलच्या बाजूने, आणि त्याने बापाला सोळाव्या वर्षी जिन्यावरून ढकललं. हे असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. पण मॉरीनला त्याने हात लावला नव्हता. छत्तीस वर्षांत एकदाही नाही. राग आला की तो भिंतीवर काढायचा. भिंतीला भोक पडायचं, दुसऱ्या दिवशी तोच ते बुजवायचा आणि वरून हात फिरवायचा. आयुष्यात त्याने एवढी एकच गोष्ट कमावली होती असं तो समजायचा. चारचौघांत म्हणायचाही, “मी कसाही असेन, पण बायकोवर हात नाही टाकला.” मॉरीन बाजूला उभी असली तर म्हणायची, “भिंतींना विचारा.”

वाचन सुरू झालं. यास्मिन मधल्या सूचना वाचायची, कोण आत आलं, कोण काय करतंय, आणि बाकीचे आपापलं बोलायचे. मालिका एका खाटकाच्या घरातली होती. रे खाटीक, त्याची बायको बेरिल, एक मुलगी. बेरिल आजारी. गाडीत कर्स्टी एवढंच म्हणाली होती, “एका कुटुंबाची गोष्ट आहे. मी तुला सांगणारच होते नीट.” आणि मग रेडिओ मोठा केला होता. तिने अजून एक सांगितलं होतं, की पहिल्या वाचनाला सगळे जरा जास्तच हसतात. वाहिनीचे लोक हसतात कारण पैसा त्यांचा आहे, नट हसतात कारण काम त्यांचं आहे. ब्रेंडनने ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचलं. गॅसचं बिल वाचावं तसं. ना चढ, ना उतार. “मी रडत नाहीये. कांदा आहे.” हॉल फुटला. त्याने वर बघितलं. कोण कुणाला हसतंय कळेना. “ही माझी बायको आहे, सॉसेज नाही, हिला तारीख घालू नका.” टोबीने कपाळ टेबलावर टेकवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. पॉपी शेजारच्याच्या कानात बोलली, पण मोठ्याने, “कुठून आणलं यांना?” ब्रेंडनला दिसलं, भिंतीजवळच्या टेबलावर चहाच्या पाण्याचं मोठं भांडं उकळतंय, आणि ते कान धरून उचललं तर टोबीच्या डोक्यापर्यंत सहज पोचेल. रंगीत मोजे आधी लाल होतील, मग पाय. हिलरीने त्याच्या बाहीला बोट लावलं. हळू आवाजात म्हणाली, “असंच वाचा हं. काहीही करू नका. आम्ही चाळीस वर्षं हेच शिकायला धडपडतोय.” तिच्या तोंडाला पेपरमिंटचा वास होता. ती चेष्टा करत नव्हती हे त्याला कळलं, तरी मुठी उघडायला वेळ लागला.

नवव्या पानावर रे खाटीक पाद्र्याची गचांडी धरून त्याला पायऱ्यांवरून खाली ढकलतो आणि मागून त्याने आणलेला लिंबाचा केक फेकतो. यास्मिनने ते वाचलं आणि ब्रेंडनने मागची ओळ पुन्हा बघितली. त्या दिवशी घरीही केक लिंबाचाच होता. मे महिना होता, फादर कॉस्टेलो दाराशी उभे होते, आत मॉरीन जागी होती आणि ते हळू आवाजात अंत्यविधीला कोणती गाणी म्हणायची ते विचारत होते. “अजून मेली नाही ती,” ब्रेंडन म्हणाला होता, आणि मग त्याचा हात त्या म्हाताऱ्याच्या पांढऱ्या कॉलरीत गेला. म्हाताऱ्याचा गुडघा पायरीवर आपटला तेव्हा ओला आवाज आला होता. तीन महिने ते काठी घेऊन चालत. आता समोर कागदावर लिहिलेलं होतं, “अजून मेली नाही ती. केक घेऊन जा, उद्या शिळा होईल.” केकचं तो म्हणाला नव्हता. ते पोरीने घातलेलं. त्याने वाचलं. लोक हसले. त्याने कर्स्टीकडे बघितलं. ती मान खाली घालून बसली होती, हातात पेन्सिल, आणि जिथे जिथे हशा येत होता तिथे समासात एक बारीक खूण करत होती. मोठा हशा, दोन खुणा. तिच्या आईच्या मरणावर ती खुणा करत चालली होती, मोजणीदारासारखी. त्याला वाटलं, उठावं, टेबल उलटं करावं, तिला केसांना धरून गाडीत घालावं. आणि त्याच वेळी हेही वाटलं की पोरीची पेन्सिल धरायची पद्धत मॉरीनची आहे, करंगळी बाहेर. मॉरीन अशीच वाणसामानाची यादी करायची. तो बसून राहिला. वाचत राहिला. प्रत्येक पानाबरोबर त्याला कळत गेलं की हे सगळं घरातलं आहे. फ्रिजला मारलेला ठोसा आहे. घरात तो भिंतीला होता. रुग्णवाहिकेच्या माणसाला दिलेल्या शिव्या आहेत, शब्दन्‌शब्द. पोर सगळं बघत होती. पण तिने त्याला वाईट दाखवला नव्हता. रे खाटीक अडाणी होता, आडदांड होता, पण लोक त्याला हसत होते तेव्हा तो त्यांना आवडत होता. हे त्याला हिलरीच्या तोंडावरून समजत होतं. पोरीने त्याला आवडेल असा करून ठेवला होता.

मग बाविसावं पान आलं. यास्मिन वाचायला लागली, “परस. दुपार. मुलगी दोरीवर कपडे घालते आहे. चिमट्यांच्या पिशवीत बेबी मॉनिटर आहे, आईच्या खोलीतला आवाज त्यातून येतो.”

ब्रेंडनचं बोट ओळीवरून घसरलं. ते यंत्र त्यानेच आणलं होतं. एक डबा मॉरीनच्या कपाटावर, दुसरा खाली, तिने हाक मारली तर ऐकू यावं म्हणून. त्या दुपारी त्याला वाटलं होतं, खालचा डबा स्वयंपाकघरात बंद पडलाय आणि कर्स्टी औषधांच्या दुकानात गेली आहे. ती परसात होती. डबा चिमट्यांच्या पिशवीत.

“तुमची ओळ,” हिलरी पुटपुटली.

“गिळ,” ब्रेंडनने वाचलं.

“नको,” हिलरी म्हणाली. तिने आवाज इतका बारीक केला की त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

“दोन चमचे. पोरीने केलंय.”

“मग पोरीलाच दे.”

“गिळतेस की नाही.”

यास्मिनने वाचलं, “थोबाडीत मारल्याचा आवाज. मुलगी हातात चादर धरून थिजते. खोलीत: बेरिलचा हात अजून हवेत आहे. रे गालावर हात धरून बसला आहे. एवढ्या भिंती फोडलेल्या माणसाला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी हाणली आहे.”

असा हशा त्या दिवसात झाला नव्हता. हिलरी टेबलावर मूठ आपटत होती. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कर्स्टीने मान वर केली होती आणि ती हसत होती, सकाळपासून पहिल्यांदा, दातांची फट दाखवत, थेट त्याच्याकडे बघून. म्हणजे पोरीला असं वाटत होतं. तिने नुसता आवाज ऐकला होता. चट्‌ असा आवाज, आणि मग काही नाही, आणि त्यातून तिने तिची आई उभी केली होती, मरायला टेकलेली, हाताची काडी झालेली, आणि तरी नवऱ्याला एक ठेवून देणारी. आता त्याला अंत्यविधीतलं तिचं बोलणं आठवलं. “माझी आई शेवटपर्यंत लढली,” ती म्हणाली होती, “आणि तिचा हात कुणाला बसला ते ज्याचं त्याला ठाऊक आहे.” आणि पहिल्या रांगेतल्या त्याच्याकडे बघून डोळे मिचकावले होते. तो ते सगळ्यांना उद्देशून आहे असं समजला होता. त्यानंतर पोर रोज संध्याकाळी फोन करायला लागली. आठ वर्षं सणासुदीला दोन शब्द बोलणारी पोर रविवारी येऊन त्याच्यासाठी बटाटे भाजायला लागली. ते आईच्या दुःखाने होतंय असं त्याला वाटायचं. दुःखाने नव्हतं. तिच्या हिशेबी सगळ्या भिंतींचं उट्टं त्या दुपारी निघालं होतं. बापाने मार खाल्ला होता, गप्प बसला होता, कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून तिने त्याला माफ केलं होतं. रविवारचे बटाटे या थपडेवर उभे होते.

खोलीत काय झालं ते दोघांना ठाऊक होतं आणि त्यातलं एक गेलं होतं. सूप लीक या भाजीचं होतं, निवलेलं. मॉरीनने ते तोंडात घेतलं आणि त्याच्याकडे बघत बघत ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर सोडलं. मुद्दाम. गळ्यावरून खाली, नव्या गाऊनवर. अकरा दिवसांनी ती गेली. आता कळतं की तिला पुरे झालं होतं आणि ती तेवढंच सांगत होती. तेव्हा कळलं नाही. तेव्हा फक्त हात गेला. भिंतीवर जायचा तसाच, खांद्यातून, पण समोर भिंत नव्हती. तिचं डोकं उशीवर पलीकडे वळलं. त्याला धक्का बसला तो वजनाचा, वजनच नव्हतं. हाताला काही लागलंच नाही असं डोकं वळलं. डोक्याचा रुमाल निघाला. चमचा पलंगाखाली गेला. गालावर चार बोटं आधी पांढरी दिसली, मग हळूहळू लाल झाली, आणि तो ती लाल होताना बघत राहिला, कारण दुसरं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. ती रडली नाही. तिने तोंड सरळ केलं आणि त्याच्याकडे बघितलं. ते बघणं किती वेळ चाललं ते त्याला सांगता आलं नसतं. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याने तिचे पाय धरले असते. राग नव्हता. एखादी गोष्ट बरीच वर्षं यायची आहे हे ठाऊक असावं आणि ती एकदाची यावी, तसं ती बघत होती. म्हणजे छत्तीस वर्षं ती वाट बघत होती. मग म्हणाली, “टीव्ही लाव.” त्याने लावला. फिझ होतं. कुत्रं घरमालकाचा कान घेऊन स्वयंपाकघरात आलं होतं. दोघांनी तो भाग संपेपर्यंत बघितला. कर्स्टी कपड्यांची टोपली घेऊन आत आली तेव्हा मॉरीन कुशीवर वळली होती, तो गाल उशीत दाबून. संध्याकाळभर ती त्याच कुशीवर पडून राहिली. त्या कुशीवर तिला दुखायचं.

“तुमची ओळ,” हिलरी पुन्हा म्हणाली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्याने बघितलं. रेची ओळ होती: ‘लागलं नाही मला.’ मग बेरिल म्हणणार होती, ‘टीव्ही लाव.’ पोरीने ते बरोबर ऐकलं होतं. तीन शब्द वाचायचे होते. वाचले की पुढे तेविसावं पान, मग चौतिसावं, मग गाडी, मग रविवार. हिवाळ्यात हे फिझवर लागेल, सोळा ते चौतीस वयाची सगळी पोरं बघतील की ब्रेंडन टॅटर्सलच्या बायकोने त्याला हाणली, आणि ते खरं होऊन बसेल. मॉरीनने स्वतः गाल लपवला होता. तिची इच्छाच ती, असं म्हणता आलं असतं. त्याने तोंड उघडलं. ‘लागलं’ हा शब्द जिभेवर आला आणि त्याबरोबर ते वजन नसलेलं डोकं. त्याने आपला गाल धरून बसायचं, तिच्या गालावरची चार बोटं स्वतःच्या गालावर घ्यायची, आणि वर म्हणायचं की लागलं नाही. त्या भिंतींपेक्षा, जबड्यापेक्षा, म्हाताऱ्याच्या गुडघ्यापेक्षा हे त्याला जास्त हलकट वाटलं. मारून झाल्यावर तिचा मारही चोरायचा.

“तिने नाही मारलं,” तो म्हणाला. आवाज तोच, बिल वाचल्यासारखा. “मी मारलं.”

हॉल कोसळला. टोबी खुर्चीतून उठून उभा राहिला आणि परत बसला. “हे स्क्रिप्टमध्ये आहे?” पॉपी पानं उलटत ओरडली. “नाहीये! यांनी घातलं! ठेवा हे, ठेवा! मरत्या बायकोची थप्पड खातो आणि जगाला सांगत सुटतो की मीच मारलं! काय माणूस आहे!”

“पुरुषाची जात,” हिलरी डोळे पुसत म्हणाली. “माझा पहिला नवरा अस्साच.”

“पुढच्या भागातही घेऊ,” टोबी म्हणाला. “दुकानात, गुत्त्यात, जिथे जाईल तिथे सांगतो, मी मारलं, आणि कुणाचा विश्वास बसत नाही!”

ब्रेंडन कर्स्टीकडे बघत होता. मानेवरचे चट्टे गेले होते. चेहरा पीठ लावल्यासारखा झाला होता. हशा ओसरला तरी तिने खूण केली नव्हती. पेन्सिल कागदावर टेकलेली होती आणि टोकाखाली एक काळा ठिपका मोठा होत होता.

“कुठल्या हाताने?” तिने विचारलं. आवाज कामाचा होता. तासाभरापूर्वी तिने याच आवाजात यास्मिनला एका दृश्याची वेळ विचारली होती.

“उजव्या.”

“उघड्या?”

“हो.”

“ती बसली होती की आडवी?”

टोबीने मध्येच ब्रेंडनचा सूर उचलला, “दोन उशांना टेकून.” मग स्वतःच्या सुरात म्हणाला, “हे बरंय, लिहून घ्या कुणीतरी.” कुणी हसलं नाही. यास्मिनने मान खाली घातली. हिलरीने टेबलावरचा हात हळूच मांडीवर घेतला आणि खुर्ची, बोटभरच, पण ब्रेंडनपासून लांब सरकवली.

“आडवी होती,” ब्रेंडन म्हणाला. “उशी एकच होती.”

“किती जोरात?”

याचं उत्तर त्याने चौदा महिने शोधलं होतं. “हळू मारता येत नाही मला,” तो म्हणाला.

पाण्याचं भांडं उकळत होतं तेवढाच आवाज. पॉपी पानं सारखी करत होती. तिला कळलं होतं की काहीतरी झालंय, पण काय ते कळून घ्यायचं नव्हतं, म्हणून ती तिच्या कामाचं बोलली. “कर्स्टी, ऐक. खरोखर तो मारत असेल तर अवघड आहे. मग लोक पुढचे पाच भाग त्याच्याकडे बघणार कसे?”

“माहीत नाही,” कर्स्टी म्हणाली. ती बापाकडेच बघत होती, आणि पहिल्यांदाच ब्रेंडनला दिसलं की हिला मारता येतं. खांदा पुढे आला होता, जबडा घट्ट होता, पेन्सिल मुठीत सुरीसारखी धरलेली होती. टेबल मध्ये होतं म्हणून. त्याच्या बापाचं, त्याचं, जे पट्ट्याच्या बकलातून खाली आलं होतं, ते तिथे बसलेलं होतं, समोर, रंगवलेल्या नखांचं. तो वाट बघत राहिला. येऊ दे, त्याला वाटलं. इतकी वर्षं कुणीच मारलं नाही.

ती आली नाही. तिने पेन्सिल उलटी धरली, मागच्या रबराने काहीतरी खोडलं, फुंकर मारली, आणि दोन ओळी लिहिल्या. लिहिताना करंगळी बाहेर होती. मग तिने कागद यास्मिनकडे सरकवला.

टोबीने घसा साफ केला. “दहा मिनिटं थांबू या? चहा घेऊ. आणि यांना... म्हणजे, उरलेलं यास्मिन वाचेल, हवं तर.”

“नाही,” कर्स्टी म्हणाली. “तोच वाचेल.”

“अगं पण पुढे तर—”

“पुढे काय आहे ते मला माहितीये. मी लिहिलंय.”

पुढे बारा पानं होती. शेवटच्यात बेरिल मरणार होती आणि रे तिच्याशी बोलणार होता. ते ब्रेंडनने अजून वाचलं नव्हतं, पण ते तिथे असणार हे त्याला कळत होतं. तेव्हाही पोर दाराबाहेर ऐकत उभी असणार. यास्मिनने सूचना वाचली, नवी, हाताने लिहिलेली.  “रे मारतो. बेरिलचं डोकं वळतं. बराच वेळ कुणी काही बोलत नाही.”

 मग हिलरीने, अभिनय न करता, खाली बघून म्हटलं, “टीव्ही लाव.”

ब्रेंडनने बोट पुढच्या ओळीखाली नेलं. चष्म्याची काच ओली झाली होती, अक्षरं पसरली होती. त्याने चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत लावला. “लावतो,” त्याने वाचलं. “कुठलं बघायचंय?”

मागच्या बाजूला कुणीतरी सवयीने हसलं.

“हसू नका,” कर्स्टी म्हणाली.

तिने स्वतःचं पान उलटलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, “पुढे वाच, डॅड.”

त्याने वाचलं.